मुशीच्या तोंडातून परतलेला घट

सोलापूरला जाऊन आलो म्हटलं की पुण्यातली माणसं पहिला प्रश्न विचारतात, "चादर आणलीत का?" नाही आणली. शेंगांची चटणी आणली, आणि कडक भाकरीवर एक दात सोडून आलो. पण जे काम करून आलो ते चादरीपेक्षा मोठं आहे. माझ्या छप्पन्न वर्षांच्या आयुष्यात मी एवढा कधी जिंकलो नव्हतो, त्यामुळे आज थोडी बढाई मारणार आहे. ज्यांना सोसणार नाही त्यांनी पुढे वाचू नये.

आधी मी कोण ते सांगतो. मी पुण्यात कॅम्पातल्या एका शाळेत इतिहास शिकवतो. जातीनं म्हणाल तर बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी यहुदी. आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं. माझा शनिवार आजही बंदच असतो. माझी भावंडं, मेहुणे, पुतणे सगळे इस्राएलला गेले. मी राहिलो. का राहिलो असं कोणी विचारलं की मला राग येतो, तेव्हा ते इथे सांगत नाही.

दुसरं वेड नाण्यांचं. गेल्या उन्हाळ्यात माझी जुनी विद्यार्थिनी विमल, जी लग्न होऊन सोलापूरला एका लिंगायत घरात गेली, तिनं पत्रातून एक कागद पाठवला. तिच्या सासरच्या देव्हाऱ्यात देवांची चित्रं उमटवलेल्या टाकांबरोबर चांदीचा एक छोटा गोल तुकडा होता, जेमतेम चार आण्याच्या नाण्याएवढा. त्यावर पातळ कागद ठेवून तिनं पेन्सिल घासली होती. "सर, घरात याला घट म्हणतात. नवरात्रात घटाशेजारी ठेवतात. पण कडेला अक्षरं आहेत, ती कसली?"

कागद पाहिला आणि माझा चहा गार झाला. एक सुरई, शेजारी झाडाची फांदी, आणि भोवती जुनी हिब्रू अक्षरं. आम्ही प्रार्थनेच्या पुस्तकात वाचतो ती नव्हे. त्याहून कितीतरी जुनी, नाणं पाडलं त्या काळातसुद्धा मागे पडलेली. आज कोणी मोडी लिपीत नाणं पाडावं तसलाच प्रकार. रोमन बादशहाविरुद्ध यहुद्यांनी इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात बंड केलं, तेव्हा बंडखोरांनी पाडलेलं हे नाणं! बंड तीनेक वर्षं टिकलं, मग रोमनं ते चिरडलं. पण त्या तीन वर्षांत त्यांनी स्वतःच्या नावाची चांदी चालवली.

आमच्या नाणीवेड्यांच्या मंडळात मी तो कागद ठेवला. आमचे अध्यक्ष पेशानं डॉक्टर आहेत आणि नाण्यांचीही नाडी आपल्यालाच कळते असा त्यांचा समज आहे. त्यांनी कागद उलटा धरला, सुलटा धरला आणि म्हणाले, "टाक आहे हा. खेड्यातल्या सोनारानं केलेला, आणि तोही बिघडलेला. दोन चित्रं एकमेकांवर आली आहेत. मास्तर, रोमविरुद्धच्या बंडखोरांचं नाणं सोलापूरच्या बाळीवेशीत कशाला येईल?" सगळे हसले. मी भडकलो. "खोटं निघालं तर या मंडळाची पायरी पुन्हा चढणार नाही!" म्हणालो आणि छत्री तिथंच विसरून घरी आलो.

मग भाद्रपदात, एका शुक्रवारी दुपारी, विमलचं दुसरं पत्र आलं. त्यानं माझी झोपच उडवली. "सासूबाई म्हणतात, टाक झिजले, देवांचे नाक-डोळे गेले. झिजलेला देव पुजू नये. पितृपक्ष लागायच्या आत सगळे सोनाराकडे द्यायचे, जुनी चांदी वितळवून त्यातच नवे टाक करायचे. घटही त्यातच जाणार. मी मामंजींना म्हटलंय की सर येईपर्यंत थांबा. लवकर या."

हा रिवाज मला ठाऊक होता. जुन्या देवाची चांदी नव्या देवात जाते, म्हणजे देव घरातच राहतो. किती छान रिवाज! पण अठराशे वर्षं टिकलेलं नाणं त्यात खंडोबाच्या घोड्याचं शेपूट होणार होतं.

आता माझी पंचाईत बघा. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत मी प्रवास करत नाही. तार करायची अक्कल सुचली नाही. म्हटलं, रविवारी सकाळी पोचतोच आहोत, एका दिवसात काय आभाळ कोसळतंय?

रविवार, सकाळ

आभाळ कोसळलं होतं. विमलनं दार उघडलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावरच ते दिसलं.

"सर, काल संध्याकाळी दिले हो सोनाराला! मी शाळेत शिकवायला गेले होते."

मागून तिचे सासरे मल्लप्पा आले. जुन्या गिरणीत जन्म काढलेले, उंच, काटक, डोक्याला पांढरी टोपी. "शनवारी येतील म्हनून वाट बगितली की. न्हाय आला. म्हनलं, पुन्याचा मानूस, येतो म्हनतो आन् येत न्हाय."

माझा शनिवार त्यांना कुठे माहीत होता? शिवाय पुण्याच्या माणसाबद्दल त्यांचं मत अगदीच चुकीचं नव्हतं.

तेवढ्यात आतून विमलच्या सासूबाई गंगव्वा आल्या. "बर्री, बर्री! या, बसा, च्या घ्या," म्हणाल्या. म्हटलं, आजी, चहा नंतर, सोनार कुठे बसतो ते सांगा. गंगव्वांना माझी घाई आवडली नाही. "देवाचं काम हाय ते. झिजल्यालं घरात ठिवत न्हाईत. त्या घटावर तर दोन-दोन चित्रं दिसत्यात, कुटं काय कळंना झालंय. आता त्याला वितळूच द्या."

मी आणि विमल टांग्यात बसलो. दिवस अनंत चतुर्दशीचा. पुण्यात गणपतीची मिरवणूक म्हणजे ढोल-ताशे. सोलापुरात लेझीम! सकाळीच पोरं गोळा झाली होती, शंभरेक लेझमी एका तालात वाकत होत्या, उठत होत्या. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो असतो, कारण असा ताल आमच्या पुण्यानं शिकायला यावा इतका देखणा. त्या दिवशी मात्र मी टांग्यात उभा राहून "अहो, वाट द्या! वाट द्या!" असा ओरडत होतो. टांगेवाला म्हणाला, "साहेब, गनपतीला वाट आपन द्यायची असती." झालं. उतरलो आणि पळत सुटलो. चप्पल तुटली, ती हातात घेतली. विमल पुढे, मी मागे, एका पायात चप्पल. गल्लीतल्या मागांवर खटखट चालली होती, एका दारातल्या तेलुगू आजीबाई मला बघून पदर तोंडाला लावून हसल्या. हसू दे म्हटलं.

नागनाथ सोनाराचं दुकान म्हणजे एक ओटा, एक शेगडी आणि एक माणूस. शेगडी फुललेली. निखाऱ्यांत मूस बसवलेली, म्हणजे चांदी वितळवायची ती मातीची वाटी. त्या वाटीत मल्लप्पांच्या घरचे देव लाल होऊन डुलत होते.

"संपलं!" मी म्हणालो आणि ओट्यावरच बसलो. खरं सांगतो, मला रडू आलं. भर रस्त्यात, छप्पन्न वर्षांचा माणूस, हातात चप्पल.

नागनाथनं चष्म्यावरून पाहिलं. "कोन मेलं?"

विमलनं घटाचं विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "त्यो व्हय? त्यो हाय की हितं." आणि गुडघ्याखालच्या पत्र्याच्या डबीतून त्यानं तो तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला.

मी आयुष्यात पुष्कळ नाणी हातात धरली आहेत. हे धरायला मात्र मी आधी हातातली चप्पल खाली टाकली. सुरई. फांदी. अक्षरं. उलटून पाहिलं, पानांच्या वेटोळ्यात बंडाच्या पुढाऱ्याचं नाव, अर्धवट. आमच्या अध्यक्षांचं नाव त्या क्षणी मी मनात घेतलं, ते कोणत्या विशेषणासह ते सांगत नाही.

"पण ठेवलात कसा हा बाजूला?" मी विचारलं.

"कातरी चालंना," नागनाथ म्हणाला. "टाक म्हंजे पत्रा वो. ठशावर पत्रा ठिवायचा, वरनं दाबायचा. म्होरं देव उमटतो, मागं पोकळ. त्यो कातरीनं कागदावानी कापतो आन् मुशीत घालतो. ह्यो कापंना. भरीव हाय. दोनी अंगाला चित्र हाय. म्हनलं, ह्यो टाकच न्हाय. शेवटाला अक्खाच सोडावा मुशीत. आता सोडनारच हुतो, तेवढ्यात तुमी रडत आला."

टाक पोकळ असतो! पुण्यातल्या मंडळात नऊ जण होतो आम्ही, पदव्या लावल्या तर भिंत भरेल, पण एकालाही हे सुचलं नव्हतं. मी नागनाथला तिथंच नमस्कार केला. तो दचकला.

"मला द्या हा," म्हटलं.

"असा कसा द्यू? मल्लप्पाचा माल हाय. चला, त्येच्यासमोरच बोला." त्यानं शेगडीवर राख ओढली, भिंग खिशात टाकलं, घट मुठीत धरला आणि आमच्याबरोबर निघाला. परत येताना तेच लेझीम पथक आडवं आलं. या वेळी मी थांबलो, ताल धरला, आणि विमल म्हणते की मी दोन पावलं नाचलोही. मला आठवत नाही.

रविवार, दुपार

लढाई अजून बाकी होती. गंगव्वांनी देव्हाऱ्यासमोर बैठक मारली आणि एकच धोसरा लावला. "सोनं आसू दे न्हायतर चांदी. खंडित वस्तू देव्हाऱ्यात नगं. आमच्या सासूबाईनं ह्यो घट बसवला, तवा नवा हुता. आता बगा की, घटाच्या मागं काय तरी भलतंच दिसतंय."

हा घट घरात आला कसा, ते मल्लप्पांनी सांगितलं. त्यांचे वडील पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर खेचरं हाकत थेट पॅलेस्टाइनला गेले होते. तिथल्या एका शेतकऱ्याला त्यांनी तंबाखू दिली, त्यानं नांगरताना सापडलेला हा तुकडा दिला. घरी आणला. मल्लप्पांच्या आईनं पाहिलं, कलश आहे, पान आहे, म्हणजे घटच! दुसरं काय असणार? कुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवला. तेव्हापासून दर दसऱ्याला चिंचेनं घासला जात होता. जुन्या नाण्याला चिंच म्हणजे विष, पण ते नंतर सांगू म्हटलं.

"भिंग द्या," मी नागनाथला म्हटलं, आणि मल्लप्पांना दाराच्या उजेडात नेलं. "सुरईच्या मागे काय दिसतंय?"

त्यांनी एक डोळा मिटला. बराच वेळ बघितलं. "कान," ते म्हणाले. "मानसाचा कान हाय की वो! आन् ही मान. मानंवर कसली तरी गाठ लोंबतीय."

"ती पानांच्या मुकुटाची गाठ. तो रोमचा बादशहा आहे."

मग मी सांगितलं. वर्गात पंचवीस वर्षं शिकवलं, पण असं कधी शिकवलं नव्हतं. म्हटलं, बंडखोरांकडे चांदीची खाण नव्हती. बाजारात चालायची ती बादशहाची नाणी, त्यांच्यावर बादशहाचं तोंड. बंडखोरांनी ती नाणी गोळा केली. एकेक घ्यायचं, त्याच्यावर आपला ठसा ठेवायचा आणि वरून हातोडा. बादशहाच्या तोंडावर आपली सुरई, आपली फांदी, आपली अक्षरं. कुठे बादशहा पुरता पुसला गेला, कुठे कान राहिला. दोन चित्रं आहेत ती बिघाड नाही, मुद्दाम केलेलं काम आहे.

"खरं हाय," नागनाथ म्हणाला. "खालचं झिजल्यालं न्हाय, चेपल्यालं हाय. घावाखाली चांदी कशी पसरली, बगा ही कड. झिजल्यावर अशी कड येत न्हाय."

नाणं मल्लप्पांच्या हातात तसंच. मग त्यांनी टोपी नीट केली आणि म्हणाले, "तीस साली इंग्रजांचा मार्शल लॉ लागला तवा मी अटरा वर्साचा. मिलच्या दाराशी शिपायानं ही गांधी टोपी काढ म्हनलं. न्हाय काढली. लई मारलं. पाठीवर वळ अजून हायेत." ते थांबले. "आन् ह्येंनी राजाच्या तोंडावरच हातोडा घातला व्हय?"

"त्याच्याच चांदीवर," मी म्हटलं.

म्हातारा हसायला लागला. आधी हळू, मग असा मोठ्यानं की शेजारचे दोघे डोकावले. "आगं गंगव्वा, ऐकलं का? मोडलाय त्यो राजा! घट शाबूत हाय की! खंडित हाय ती राजाची मुंडी!"

गंगव्वांनी नाणं मागून घेतलं. भिंग नको म्हणाल्या. अंगठ्यानं सुरईवरून, फांदीवरून हात फिरवला. विमलनं माझी बाही घट्ट पकडली होती. म्हातारीनं नागनाथकडे पाहिलं. "देवाच्या शपतीवर सांग. घट मोडल्याला न्हाय?"

"न्हाय आव्वा. दनकट हाय."

"मग वितळायचं न्हाय," गंगव्वा म्हणाल्या, आणि नाणं देव्हाऱ्यात ठेवलं. "खंडोबाला चांदी कमी पडली तर माझं जोडवं घे."

मल्लप्पांनी आरोळी ठोकली, "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र!" आणि सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत उभे असल्यासारखे सगळे ओरडले. मीही ओरडलो. माझा धर्म मूर्तीपुढे वाकायला परवानगी देत नाही. ओरडायला काही हरकत घेतल्याचं वाचनात नाही.

मग जेवण. दुसऱ्यांच्या घरी जेवताना मला नेहमी शंभर प्रश्न विचारावे लागतात, यात काय, त्यात काय, कशात शिजवलं. लिंगायतांच्या घरात प्रश्नच नाही. मांस-मासळीचा वाससुद्धा नाही. मी कोकणी पोटाचा, भात आणि नारळावर वाढलेला; इथे ज्वारीची पापडासारखी कडक भाकरी, शेंगांची चटणी, दही, आणि सणाची म्हणून गव्हाची गूळ घातलेली खीर, म्हणजे हुग्गी. भाकरी तोडायची असते, चावायची नसते, हे मला कोणी सांगितलं नाही. दाढेवरची टोपी निघून ताटात पडली. गंगव्वा म्हणाल्या, "हात्तिच्या! पुन्याचं दात!" मी हुग्गीच्या तीन वाट्या खाऊन सूड घेतला.

संध्याकाळी पोस्टाची पेटी शोधली आणि डॉक्टरांना कार्ड टाकलं. "टाक पोकळ असतो. हे भरीव आहे, दोन्ही बाजूंना छाप आहे आणि सुरईखाली बादशहाचा कान आहे. सोनाराचा दाखला घेतला आहे. माझी छत्री जपून ठेवावी. कळावे."

सोमवार

सकाळी मल्लप्पांनी मला तळ्याकाठी फिरवून आणलं. पाण्यात सिद्धेश्वराचं देऊळ, पलीकडे किल्ल्याची काळी तटबंदी, आणि गावभर गिरणीचा भोंगा. परत आलो तर नवे टाक आले होते, कोरे करकरीत, मिशीवाला खंडोबा अगदी तुकतुकीत. त्यांच्या ओळीत घट.

मी निघायची तयारी केली तेव्हा मल्लप्पांनी तो घट उचलला, फडक्यात बांधला आणि माझ्यापुढे धरला. "मास्तर, ह्ये तुमच्या लोकांचं हाय. आमी साटेक वर्सं सांबाळलं. आता न्या."

खोटं कशाला बोलू? हात पुढे गेला होता माझा. नाणीवेड्याच्या आयुष्यात असा क्षण एकदा येतो. मंडळाच्या टेबलावर ते ठेवतोय, डॉक्टरांचं तोंड पाहण्यासारखं झालंय, हे सगळं मला दिसलंसुद्धा. पण गंगव्वा नवऱ्यामागे उभ्या होत्या आणि त्यांचे डोळे फडक्यावर होते. माझी सगळी माणसं तिकडे गेली. तिकडून इकडे आलेलं हे एकच, आणि या घरात त्याला दर दसऱ्याला फूल मिळत होतं. माझ्या पुण्याच्या कपाटात त्याला काय मिळणार होतं? डांबरगोळी!

"राहू दे इथेच," मी म्हटलं. जरा खेकसूनच म्हटलं. "फक्त ती चिंच बंद करा. मऊ कापडानं पुसा."

गंगव्वांनी फडकं जवळजवळ हिसकावूनच घेतलं. मग म्हणाल्या, "त्यावर लिवलंय काय, ते सांगा की. देव्हाऱ्यातल्या वस्तूला मंतर नगं व्हय? इतकी वर्सं मुकीच पूजा केली."

"मंत्र नाही आजी, बंडखोरांची घोषणा आहे. येरुशलेमच्या स्वातंत्र्यासाठी, असा अर्थ."

"आसू दे. म्हनून दावा."

मी म्हटलं, "लेखेरूत येरुशलाइम." त्या म्हणाल्या, "लेकरू येरूशाला." मी शिक्षक. चूक सोडवत नाही. दुरुस्त केली. पुन्हा चुकल्या, पुन्हा दुरुस्त केली. विमल हसू दाबत होती. त्या चिडल्या आणि आत निघून गेल्या. मी चहा घेत असताना चुलीपाशी काहीतरी पुटपुट चाललेली ऐकू येत होती. वाटलं, मला शिव्या देत असतील.

टांगा दारात आला. मल्लप्पांनी पिशवी वर ठेवली, चटणीचा डबा माझ्या मांडीवर दिला. घोडा चालायला लागला. तेवढ्यात गंगव्वा उंबऱ्यावर आल्या, पदर खोचलेला, पिठाचा हात वर, आणि सगळी गल्ली वळून बघेल अशा खणखणीत आवाजात ओरडल्या:

"लेखेरूत येरुशलाइम!"

मी टांग्यात उभा राहिलो. म्हातारीचं एकही अक्षर चुकलं नव्हतं.